गुंतागुंतीच्या केसेस हाताळण्याचं प्रशिक्षण, कोल्हापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज, जयसिंगपूर इथले समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक आम्हाला फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. ते प्रश्न आम्हालाही वर्षानुवर्षं छळत आलेत.

हे प्रशिक्षण नेमकं कशाचं आहे?

एम.ए. किंवा डिप्लोमा करताना आपण नैराश्य एका धड्यात शिकतो, व्यसन दुसऱ्या, कौटुंबिक हिंसा तिसऱ्या. समोर बसणारा माणूस असा धड्यांत वाटलेला नसतो. समजा, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा चाळिशीचा कामगार आला. झोप लागत नाही म्हणून दारू, दारू प्यायल्यावर घरात मारझोड, त्यात हातउसन्या पैशांचा तगादा. तिसऱ्या भेटीत तो सहज बोलून जातो, "थोरला भाऊबी असाच. मधनंच लई बडबडायचा, चार-चार रात्री झोपायचा न्हाई." द्विध्रुवी विकार (कधी उन्माद, कधी खोल नैराश्य) असलेल्या माणसाला जागरणातून उन्मादाचा झटका येऊ शकतो आणि हा आजार घराण्यात चालत येतो, हे माहीत असेल तर भावाबद्दलच्या त्या एका वाक्यापाशी तुम्ही थांबाल. बायकोच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्याच वेळी दारात उभा असतो. यातलं आधी काय धरायचं, काय दुसऱ्याकडे सोपवायचं, कुणाला विचारायचं, हे ठरवायची सवय इथे लावली जाते.

एखाद्या नव्या थेरपीचा हा कोर्स नाही. अवघड केस एकट्याने उराशी धरून ठेवली की बिघडते, असा आमचा अनुभव आहे. सगळा अभ्यासक्रम त्या अनुभवाभोवती उभा आहे.

कोण येऊ शकतं?

ज्यांच्यासमोर आज प्रत्यक्ष माणसं बसतात ते सगळे: मानसशास्त्रज्ञ, शाळा-कॉलेजातले समुपदेशक, वैद्यकीय समाजसेवक, व्यसनमुक्ती केंद्रात काम करणारे, मनोविकार विभागातल्या परिचारिका. शिवाजी विद्यापीठातून नुकतंच एम.ए. झालेलेही विचारतात. त्यांना आमचं सांगणं असं की आधी वर्षभर कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करा. हातात केस नसताना हे शिकणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकण्यासारखं आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर मला 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असा बोर्ड लावता येईल का?

नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. आमचं प्रमाणपत्र एवढंच सांगतं, की तुम्ही इतके तास शिकलात आणि तुमचं काम दुसऱ्यांना उघडून दाखवलंत. बोर्डावर जे लिहाल ते खरं असावं, याबद्दल आम्ही काटेकोर आहोत.

माझ्याकडे आत्महत्येच्या केसेस येतच नाहीत. मग ते सत्र मला कशाला?

येतात. त्या शब्दांत येत नाहीत, इतकंच.

मी काम सुरू केलं त्या काळातली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक मावशी डोकेदुखी आणि झोपेची तक्रार घेऊन यायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, "पोरीचं लगीन उरकलं की मी मोकळी." मी मान हलवली. आपल्याकडे कुठली आई असं म्हणत नाही? लग्न छान झालं. आठ-दहा दिवसांनी मावशींनी जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजारणीने वेळेत पाहिलं म्हणून त्या वाचल्या. "मोकळी म्हणजे काय हो, मावशी?" एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. विचारायची लाज वाटली होती, हे आज मान्य करते.

म्हणून त्या सत्राचा पहिला तास आम्ही निव्वळ भाषेला देतो. "आता देवानं उचलावं", "पिकलं पान, कधी गळतंय बघायचं", "माझा कुणाला उपेग न्हाई", "सुटलो एकदाचा म्हंजे बरं" ही वाक्यं या भागात रोज कानावर पडतात. बहुतेकदा तो बोलण्याचा ओघ असतो. काही वेळा नसतो. दोन्हींतला फरक अंदाजाने कळत नाही, विचारून कळतो.

पण थेट विचारलं तर त्यांच्या डोक्यात तो विचार आपणच घालू, असं नाही का होणार?

ही भीती जवळजवळ प्रत्येक तुकडीत निघते. यावर बराच अभ्यास झालेला आहे आणि विचारण्याने तो विचार रुजतो असं त्यात आढळलेलं नाही. उलट, कुणीतरी स्पष्ट विचारलं म्हणून हलकं वाटलं, असं माणसं नंतर सांगतात. "जीव द्यावा असं मनात येतं का?" हे वाक्य न अडखळता, डोळे न चोरता म्हणता येईपर्यंत आम्ही एकमेकांसमोर त्याचा सराव करतो.

विचारल्यानंतरचं काम जास्त मोठं आहे. 'असं काही करणार नाही' असं लिहून घेऊन सही घ्यायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. त्या कागदाने जीव वाचतो याला आधार नाही, समुपदेशकाला मात्र खोटा दिलासा मिळतो. त्याऐवजी स्टॅनली आणि ब्राउन यांनी मांडलेला सुरक्षितता आराखडा आम्ही शिकवतो. वादळ येतंय याच्या खुणा कोणत्या, तेव्हा स्वतः काय करता येईल, कुणाकडे जाऊन बसता येईल, मदत कुणाकडे मागायची, कुठल्या डॉक्टरांना गाठायचं, हे सगळं त्या माणसाच्याच शब्दांत एका कागदावर उतरवायचं. शेवटचा मुद्दा घर सुरक्षित करण्याचा. ऊसपट्ट्यात याचा अर्थ फार सरळ आहे: तणनाशकाची आणि कीटकनाशकाची बाटली घरात कुठे आहे? ती कुलपात जाईल का, किल्ली कुणाकडे राहील? तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडा वेळच टिकते. त्या वेळात बाटली हाताला लागली नाही, तर माणूस वाचण्याची शक्यता वाढते.

कायद्याचा भागही इथेच येतो. घरचे लोक पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात "चुकून प्यायली" असं सांगतात आणि मग मानसिक उपचाराचा विषयच मिटतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला चालवायचा नसतो, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी असते. जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत आलेलं नाही. कुटुंबाला हे चार वाक्यांत समजावता आलं पाहिजे.

रात्रीअपरात्री कुणाशी बोलावं वाटलं तर 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक आराखड्यावर लिहायला आम्ही सांगतो. तो चोवीस तास चालू असतो.

'अंगात येतं', 'करणी केलीय' असं सांगणाऱ्या कुटुंबाशी कसं बोलायचं?

आधी ऐकायचं. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला अंगात येणारी बाई घरी येऊन नेहमीसारखी भाकऱ्या थापत असेल, तर तिथे आजार शोधायचं कारण नाही. आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरणही, ज्या अवस्था त्या समाजाच्या रूढीत आणि धर्मात मान्य आहेत त्यांना विकार म्हणत नाही. आपण वेगळं विचारतो: हे नकळत, नको असताना, पुन्हा पुन्हा होतंय का? त्यानंतर खाणं-पिणं, काम, पोरं यांच्याकडे लक्ष राहतं का? आणि बाईच्या अंगातला देव काय बोलतो? सुनेला घरात जे बोलायची मुभा नसते ते कधी कधी देवाच्या तोंडून बाहेर येतं. ते नीट ऐकलं, तर केसची अर्धी गाठ तिथेच सुटते.

दोन ठिकाणी मात्र वेळ घालवायचा नाही. एक, नुकतीच बाळंत झालेली मुलगी. बाळंतपणानंतर, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, झोप उडून असंबद्ध बोलणं, संशय, बाळाबद्दल विचित्र कल्पना सुरू झाल्या, तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. घरचे "बाहेरचं झालंय" म्हणून अंगारा-धुपारा करत बसतात आणि आई-बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. दोन, फिट. झटके येणाऱ्या पोराला देवऋषाकडे फिरवत वर्षं घालवलेली घरं आम्ही पाहिली आहेत.

श्रद्धेवर वाद घालू नका. "देवाचं देवाला करा, डॉक्टरांचं डॉक्टरांना करू" असं म्हटलं की बहुतेक घरं ऐकतात. पण भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथे हळुवारपणा नको.

गोळ्यांबद्दल समुपदेशकाला किती माहिती हवी?

औषध सुचवणं, डोस कमी-जास्त करणं आपलं काम नाही, हे पहिल्याच तासाला पक्कं होतं. पण द्विध्रुवी विकारावरचं लिथियम हे औषध घेणाऱ्याचं रक्त ठरावीक काळाने तपासावं लागतं, आणि उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर त्याचं प्रमाण रक्तात धोक्याइतकं वाढू शकतं. मे महिन्यात उन्हात राबणारा माणूस "हात लई थरथरायला लागलेत" म्हणाला, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडायचं. इतकं माहीत हवं.

अल्पवयीन मुलीने विश्वासाने काही सांगितलं आणि "कुणाला सांगू नगासा" म्हणाली. मग?

आमच्या वर्गात सर्वांत जास्त आवाज चढतात ते याच प्रश्नावर, आणि ते योग्यच आहे.

पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. समुपदेशकाला सूट नाही. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इथवर कायदा स्पष्ट आहे. अडचण पुढे येते. अत्याचार करणारा सख्खा मामा असतो. आई हात जोडते. शाळेला नावाची काळजी असते. किंवा सतरा वर्षांची मुलगी आपल्या मित्राबद्दल प्रेमाने सांगते, आणि तिची संमती कायदा मानत नाही.

यावर सोपं उत्तर आमच्याकडे नाही. पण काही गोष्टी हातात असतात. पहिल्या भेटीतच मुलांना समजेल अशा भाषेत सांगायचं, की तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुला कुणी इजा करत असेल तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल. हे आधी सांगितलेलं असलं की पुढचं पाऊल दगाबाजी वाटत नाही. कळवायची वेळ आलीच, तर तिला अंधारात ठेवून कळवायचं नाही: कुणाशी बोलणार, काय बोलणार, तेव्हा तिच्याजवळ कोण असेल, हे तिच्याबरोबर बसून ठरवायचं. चौकशी आपण करायची नाही. तेच तेच विचारून मुलीला पुन्हा त्या प्रसंगात ढकलायचं नाही. तिचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह नोंदवायचे. आणि हे सगळं करण्याआधी तासाभरात एका अनुभवी सहकाऱ्याला फोन करायचा. बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांकही हाताशी ठेवायचा.

नवरा-बायकोला एकत्र बसवून समेट घडवायचं शिकवता का?

मारहाण असेल तर नाही. जिथे एकाला दुसऱ्याची भीती आहे तिथे दोघांना समोरासमोर बसवलं, तर ती बाई खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. आधी दोघांशी वेगवेगळं बोलायचं, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आणि संरक्षण अधिकाऱ्यांचं काम तिला समजावून सांगायचं, आणि पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्यायचं. "थोडं सोसून घ्या, पोरांकडं बघा" हा सल्ला आपल्या व्यवसायातल्या पुष्कळांनी दिला आहे. तो आता थांबला पाहिजे.

पुराचा वेगळा भाग का ठेवला आहे?

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी प्रयाग चिखलीत, आंबेवाडीत, कुरुंदवाडात काढला, त्यांना हे विचारावं लागणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली, की घरातली म्हातारी माणसं आजही रात्रभर पाण्याची बातमी बघत बसतात. त्यांना लगेच 'पीटीएसडी' (आघातानंतरचा मानसिक विकार) म्हणायची घाई आम्ही करू देत नाही. जो धोका खरोखर पुन्हा येऊ शकतो त्याबद्दल सावध असणं हा आजार नाही. दावणीला बांधलेली जनावरं बुडताना पाहिलेला शेतकरी दर पावसाळ्यात गोठ्याकडे फिरकतच नसेल, झोपेत ओरडून उठत असेल आणि हे महिनोन्महिने चाललं असेल, तर तिथे उपचार हवेत.

आपत्तीनंतर लगेच गटात बसवून 'झालेलं सगळं सांगा' असा आग्रह धरणारी एका बैठकीची पद्धत जागतिक आरोग्य संघटना नाकारते. मानसिक प्रथमोपचारात पाहणं, ऐकणं आणि जोडून देणं एवढंच असतं. कोरडे कपडे, हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा, पंचनाम्याचा कागद यांची सोय लावून देणं हाही त्याचाच भाग आहे. पूर ओसरल्यावर मदतीला येणाऱ्या उत्साही मंडळींना हे सांगताना कधी कधी कठोर व्हावं लागतं.

क्लायंट ओळखीतला निघाला तर काय? इथे सगळेच कुणाचे ना कुणाचे पाहुणे.

शहरांसाठी लिहिलेली नियमावली म्हणते, ओळखीच्या माणसाला क्लायंट म्हणून घेऊ नका. गडहिंग्लजला किंवा आजऱ्याला तो नियम तंतोतंत पाळला तर निम्म्या लोकांना परत पाठवावं लागेल. आम्ही रेषा अशी आखतो: जवळचे नातलग, जिवलग मित्र, आपण ज्यांचे पैसे देणं लागतो किंवा जे आपले देणं लागतात, त्यांना नाही. दूरच्या ओळखीत घेतलं, तर पहिल्या दिवशी बोलून ठेवायचं. रंकाळ्यावर दिसलात तर मी आपणहून बोलायला येणार नाही, तुम्ही हाक मारली तर ओळख देईन. लग्नकार्यात भेट झाली तर आपल्या भेटींचा विषय निघणार नाही. आणि भावकीतलं कुणी "आमची वहिनी तुमच्याकडं येतीय न्हवं?" असं विचारलं, तर "येतात" हेदेखील म्हणायचं नाही.

केस पुढे पाठवायची तर कुठे?

शहरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीची. आपल्याला आंबा घाट उतरून रत्नागिरी जवळ. 'पाठवणं' म्हणजे चिठ्ठी हातात देऊन मोकळं होणं नव्हे. त्या माणसाच्या संमतीने डॉक्टरांशी बोलायचं, काय दिसलं ते अर्ध्या पानात लिहायचं, आणि तो पोचला का हे आठवड्याने विचारायचं.

ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. गळीत हंगाम संपला की ती मराठवाड्यात परत जातात, आणि इथे सुरू झालेलं औषध तिथे तुटतं. आजाराची, औषधांची माहिती मराठीत लिहून ती त्यांच्याचकडे द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, कागद टिकत नाही.

नको म्हणणाऱ्या माणसाला भरती करण्याचे नियम २०१७ च्या कायद्यात आहेत: नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयात रुग्णाच्या बाजूने उभी राहणारी व्यक्ती), पहिल्या टप्प्यात ३० दिवसांची मर्यादा, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार सुरू करू शकतो. गावातल्या डॉक्टरांना हे पुष्कळदा आपल्याकडूनच कळतं.

ऑनलाइन येता येईल का?

वाचनाची आणि कायद्याची सत्रं ऑनलाइन आहेत. सरावाला प्रत्यक्ष यावं लागेल.

शिकवणं मराठीतच का?

क्लायंट "जीव घाबरा होतोय", "काळजात धस्स होतंय", "डोस्क्यात नुसता कालवा" असं बोलतो आणि आपण वहीत इंग्रजी शब्द लिहितो. त्या भाषांतरात बरंच सांडतं. पुस्तकं इंग्रजीत वाचू, बोलणं मात्र मराठीत.

माझाच क्लायंट गेला. त्यानंतर मला काम करवत नाही. मी यावं का?

या. आधी फोन करा, वर्गात नंतर बसा. आपल्याकडे येणाऱ्या माणसाने जीव दिला, तर समुपदेशकालाही दुःख होतं, आणि त्याबरोबर अपराधीपणा, बदनामीची धास्ती. घरी सांगता येत नाही, कारण गोपनीयता. सहकाऱ्यांना सांगावं, तर ते काय म्हणतील. प्रशिक्षण संपल्यावरही आमचा गट दर महिन्याला सुपरव्हिजनसाठी, म्हणजे एकमेकांच्या केसेसवर बोलायला, बसतो तो यासाठीच. तिथे कुणी कुणाची उलटतपासणी घेत नाही. त्या काळातल्या नोंदी सगळे मिळून वाचतो, काय दिसत होतं आणि काय दिसूच शकत नव्हतं ते वेगळं करतो. काही जण दोन-तीन महिने नुसते येऊन बसतात, बोलत नाहीत. तेही चालतं.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

सध्या तुमची झोप उडवणारी एक केस, दोन पानांत लिहून. नाव, गाव, शाळा, तालीम, कारखाना काढून टाका. आडनावही काढा, कोल्हापुरात आडनावावरून पेठ कळते आणि पेठेवरून घर. वय एक-दोन वर्षं इकडेतिकडे करा. शेवटी तुम्हाला पडलेला प्रश्न एका ओळीत लिहा. लिहिता येत नसेल तर ती ओळ कोरी ठेवा, सकाळचं पहिलं सत्र तिच्यापासून सुरू करू.